सव्वासातचे थेंब

मुंबईत पापडाला ओल येते, काडेपेटीला येते, कपाटात जपून ठेवलेल्या शालूलाही येते. मुलुंड पूर्वेच्या मधुमालती सोसायटीत तर तिसऱ्या मजल्यावरच्या एका भिंतीत खिळा ठोकला की पाणी लागेल, असं लोक म्हणतात. अशा या गावात एका माणसाचे डोळे कोरडे पडले. आपोआप नाही पडले. स्वतःहून सेंटरवर जाऊन, सही करून, हौसेने पाडून घेतले. त्या माणसाचं नाव श्यामकांत टिपणीस.

नाव आजोबांचं. ते ठेवलं त्या दिवशीच तो साठीचा झाला होता, असं त्याची बायको रेवती म्हणते. वय खरं तर सेहेचाळीस. अंधेरीला एका विमा कंपनीत क्लेम खात्याचा मॅनेजर. लोकांनी न वाचता सह्या केलेल्या कागदांतलं नेमकं कलम शोधायचं, आणि "सॉरी, पान चौदावर स्पष्ट लिहिलंय, वाचून सही करायची असते" असं सांगून त्यांना परत पाठवायचं, हे त्याचं काम. तो ते फार मनापासून करायचा.

सातवीपासून चष्मा. कधी तक्रार नव्हती. पण गेल्या वर्षी ऑफिसात ओजस नावाचा एक नवा मुलगा आला. पहिल्याच मीटिंगमध्ये खुर्च्या कमी पडल्या, तर या ओजसने उठून आपली खुर्ची पुढे सरकवली आणि अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही बसा." झालं! काका! वीस माणसांसमोर! श्यामकांत बसला, पण पुढचा तासभर मीटिंगमध्ये काय चाललंय ते त्याला कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने ओजसला गाठलं, तर या पठ्ठ्याने लेझर करून चष्मा घालवलेला. "दहा मिनिटं फक्त. दुसऱ्या दिवशी मी बाईक चालवली. झकास काम आहे."

श्यामकांतने घरी विषय काढला. रेवती भांडुपच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "नको. लांबचा चष्मा जाईल आणि जवळचा येईल, तुझं वय आहे ते. आणि तुझे डोळे आधीच कोरडे आहेत, एसीत चुरचुरतात. नसती भानगड कशाला?"

एवढ्या सगळ्यातून श्यामकांतला ऐकू आलं ते फक्त "तुझं वय आहे ते". पुढच्याच शनिवारी तो घाटकोपरच्या एका चकाचक सेंटरवर पोचला. तिथे तपासणीसाठी चष्मा काढून ठेवायला लावला आणि मग बारीक अक्षरातला सहा पानांचा फॉर्म हातात दिला. त्याला दिसत होते ते सहा पांढरे ठिपके. त्याने विचारलं, "सही कुठे?" बाईंनी बोट ठेवलं तिथे त्याने सही ठोकली. क्लेम खात्याच्या मॅनेजरने! चौदा चौदा पानं लोकांच्या तोंडावर मारणाऱ्या माणसाने!

पहिले तीन आठवडे काय विचारता. गेटवरून चौथ्या मजल्यावरचे वाळत घातलेले मोजे दिसत. सोसायटीचे सेक्रेटरी दशरथ पाटणकर केसांना कलप लावतात, हे आख्ख्या सोसायटीला माहीत असलेलं रहस्य त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. मग एके दिवशी जेवताना औषधाच्या पट्टीवरची तारीख त्याला वाचता येईना. हात लांब केला, आणखी लांब केला, शेवटी हात संपला. चाळिशीचा चष्मा घ्यावा लागला. रेवती लोणच्याच्या बरणीचं झाकण लावत होती. तिने मान वर केली नाही, आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाली, "सांगितलं होतं."

आता या दोन शब्दांविषयी सांगायला हवं. लग्नाला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत रेवतीने हे दोन शब्द अनेकदा वापरले आहेत. गोव्याच्या हॉटेलच्या वेळी, वॉशिंग मशीनच्या वेळी, त्याच्या मामेभावाला गाडी वापरायला दिली तेव्हा. दर वेळी ती बरोबर होती, हीच तर मेख. चूक असती तर भांडता आलं असतं. बरोबर असलेल्या बायकोशी माणूस भांडणार कसा? ते दोन शब्द ऐकले की श्यामकांतच्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि ती तिथेच गप बसवावी लागायची.

म्हणून चष्म्यानंतर महिन्याभरात डोळे खरोखरच कोरडे पडले, तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं. मरेन, पण हिला सांगणार नाही.

सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, बोटांनी सोडवाव्या लागत. दुपारी स्क्रीनसमोर डोळ्यांत रवा पडल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी कंपनीची एसी बस पवईच्या रस्त्याने मुलुंडला येईपर्यंत डोळे असे काही पेटायचे की समोरच्या गाड्यांचे लाल दिवे फुटून पसरलेले दिसायचे. तो घाटकोपरच्या सेंटरवर गेला. डॉक्टर तिथले एकदम हसतमुख.

"होतं असं काही जणांना," ते म्हणाले. "लेझरमध्ये डोळ्याच्या वरच्या पडद्यातली बारीक नस कापली जाते ना, मग डोळ्याला कळतच नाही की आपण कोरडे पडलोय. पाणी मागायचंच विसरतो तो. थेंब घाला, दिवसातून सहा वेळा."

"किती दिवस?"

"बघू. काहींना महिने लागतात, काहींना जास्त. तुम्ही वाचलं असेलच, पान चारवर स्पष्ट दिलंय."

श्यामकांतला आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याला खुर्ची फेकून मारावीशी वाटली. पण पान चारखाली सही त्याचीच होती. तो "थँक्यू" म्हणाला आणि थेंब घेऊन बाहेर आला.

आणि इथे खरी वाट लागली. श्यामकांतला स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालता येत नाहीत. बाटली जवळ आली की डोळा मिटतो, विषय संपला. थेंब नाकावर पडायचा, कानात जायचा, कॉलरवर जायचा. घरी हे काम नेहमी रेवतीचंच. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना तिनेच थेंब घातले होते, एकही थेंब वाया न घालवता. मुलगी जान्हवी शिकायला नाशिकला, म्हणजे घरात दोघंच. त्यातल्या एकीला कळू द्यायचं नाही आणि दुसऱ्याला जमत नाही!

ऑफिसमधले तीन डोस ओजसने पत्करले. आपल्यामुळेच झालं असं बिचाऱ्याला वाटत होतं. पँट्रीत फ्रीजला टेकून श्यामकांत मान मागे टाकायचा आणि ओजस म्हणायचा, "काका, वर बघा." हो, काका. थेंब घालणाऱ्याला काय बोलणार? सकाळचा आणि झोपतानाचा डोस तो बाथरूममध्ये कडी लावून, चार थेंब सांडून एक आत, अशा हिशेबाने उरकायचा. राहिला सव्वासातचा, सगळ्यात जीवघेणा. बसमधून उतरून गेटपाशी येईपर्यंत त्याला धड दिसत नसे. एका संध्याकाळी तो झाडाच्या कुंडीवर जाऊन आदळला आणि वॉचमन धाकूने त्याला दंडाला धरून केबिनमध्ये नेऊन बसवलं.

धाकू देवगडकडचा. वडील परळला गिरणीत होते. गिरणी गेली, मग धाकूने हमाली केली, लिफ्ट चालवली, आणि गेली अकरा वर्षं तो मधुमालतीच्या गेटवर आहे. वय एकसष्ट. कांजूरमार्गला एका खोलीत तो आणि त्याची बायको रुक्मिणी. या वयात हे गेट सुटलं तर दुसरं कोणी उभं करणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि पाटणकरांनाही माहीत होतं.

"काय गेला डोळ्यात?" धाकूने विचारलं.

श्यामकांतने खिशातून बाटली काढली आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. धाकूने हात साबणाने धुतले, टॉवेलला पुसले. "मान वर करा. आणि हलू नकात हां. गावाक आमच्या गायीच्या पाड्याक मीच औषध घालतंय. तो गप रवता. तुमीच जास्त हलतास."

एका फटक्यात दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. श्यामकांतला इतकं बरं वाटलं की तो पाच मिनिटं तसाच डोळे मिटून बाकावर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ते रोजचंच झालं.

"वैनीक कित्याक सांगनास नाय?" धाकूने एकदा विचारलं.

"नको रे बाबा. तिला यातलं काही कळता कामा नये. कुणालाच नको. शप्पथ घे."

आता आपण शप्पथ घेतो म्हणजे काय घेतो? "शप्पथ, काय ट्रॅफिक होता आज" म्हणतो, इतकीच. श्यामकांत दिवसातून दहा शपथा घ्यायचा आणि अकरावी दुसऱ्याला घालायचा. धाकूचं तसं नव्हतं. तो केबिनबाहेर आला, चपला काढल्या, कोकणाच्या बाजूला तोंड केलं, हात जोडले. "रवळनाथाची शप्पथ. तुमी सोडवल्याशिवाय माझ्या तोंडातसून एक शब्द भायर पडाचो नाय." श्यामकांतला गंमत वाटली. त्याने धाकूच्या पाठीवर थाप मारली आणि घरी जाऊन विसरून गेला.

पण मधुमालतीत माणसं राहतात आणि माणसांना खिडक्या असतात. पहिल्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाताईंची खिडकी बरोबर केबिनवर उघडते. त्यांना काय दिसायचं? टिपणीस रोज सव्वासातला अडखळत येतो. वॉचमन त्याला आत घेतो, दार ओढतो. टिपणीस मान मागे टाकतो, वॉचमन हातात छोटी बाटली घेऊन त्याच्यावर वाकतो. पाच-दहा मिनिटांनी टिपणीस लालभडक, ओल्या डोळ्यांनी बाहेर येतो आणि भिंतीला हात लावत लिफ्टकडे जातो. सांगा बरं, तुम्ही काय समजला असता? शर्मिष्ठाताईंनी तेच समजून घेतलं आणि इतरांनाही समजावलं.

शुक्रवारी रेवतीने विचारलं. भाजी परतता परतता, सहज विचारावं तसं. "तू धाकूच्या केबिनमध्ये बसून पितोस?"

"काय? काहीतरीच काय! कोण म्हणालं?"

"बिल्डिंग म्हणते. मग काय करतोस तिथे रोज?"

"गप्पा."

"कसल्या?"

"कोकणच्या."

रेवतीने गॅस बारीक केला. "श्याम, तू अलिबागला गेलास तरी पायाला वाळू लागते म्हणून मोजे घालून फिरतोस. तुला कोकणच्या कसल्या रे गप्पा?" तिने जवळ येऊन त्याचा वास घेतला. वास कसलाच नव्हता. त्याने ती आणखीनच गोंधळली आणि पुन्हा भाजी परतू लागली. तेव्हा सांगता आलं असतं. तीन वाक्यांचं काम. श्यामकांत म्हणाला, "मीठ कमी टाक हां भाजीत."

पण आत कुठेतरी त्याची पाचावर धारण बसली होती. शनिवारी तो पुन्हा सेंटरवर गेला आणि डॉक्टरांना म्हणाला की काहीही करा, पण हे थेंब बंद करा. डॉक्टर हसतमुखच होते. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, पापणीच्या काठावर टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक असतं. डोळ्यातलं पाणी तिथून नाकात उतरतं. तिथे सिलिकॉनचे इवलेसे प्लग बसवायचे, मग जे काही थोडं पाणी बनतं ते डोळ्यातच राहतं. मोरीच्या तोंडाला बोळा लावतो तसं. चार भोकांना चार प्लग. दुखलं नाही, फक्त कोपऱ्यात काहीतरी टोचत राहिलं. "सुरुवातीला कधी कधी जास्त पाणी येतं," डॉक्टर म्हणाले. "गालावरून ओघळेल. घाबरू नका आणि चोळू नका. थेंब आता दोनदाच."

श्यामकांतचा जीव भांड्यात पडला. सव्वासातचा डोस बंद, केबिन बंद, गप्पा बंद. रेवतीला कधी काही कळणार नाही. तो जवळजवळ शीळ घालत घरी आला, तर गेटवरच्या फळ्यावर पाटणकरांच्या अक्षरात नोटीस. रविवारी सकाळी दहा वाजता तातडीची सभा. विषय एकच, 'वॉचमन धाकू यांचे गैरवर्तन व त्यांना कामावरून कमी करणे'.

रात्रभर त्याने स्वतःशी वाद घातला आणि जिंकलाही. धाकू काही पीत नाही, मग पुरावा कुठून येणार? पुरावा नाही तर ठराव कसा होणार? क्लेम खात्यात हेच तर चालतं. आपण मध्ये पडायची गरजच नाही. सकाळी दाढी करताना त्याच्या लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी गळतंय. सभेपर्यंत ते वाढलं.

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बावीस घरांतली माणसं. श्यामकांत दुसऱ्या रांगेत, शेजारी रेवती. त्याच्या दोन्ही गालांवरून पाणी ओघळत होतं आणि मागे कुजबुज चालली होती, "सकाळी सकाळी पण?" रेवती समोर बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

पाटणकर उभे राहिले. त्यांना सभेत उभं राहायला फार आवडतं. "धाकू, सरळ विचारतो. केबिनमध्ये रोज संध्याकाळी काय चालतं?"

धाकू टोपी हातात घेऊन खांबापाशी उभा होता. "मी दारू पिणंय नाय साहेब."

"मग चालतं काय? बाटली असते का नाही हातात?"

"असता."

"कसली?"

धाकूने श्यामकांतकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. म्हणजे सोडवा, मी सांगतो. ते श्यामकांतला लख्ख कळलं. लांबचं त्याला आता फार छान दिसायचं. त्याने मान खाली घातली आणि स्वतःच्या चपला बघितल्या.

"ता माका सांगूक येवचा नाय," धाकू म्हणाला. "मी शप्पथ घेतलंय."

"शप्पथ!" पाटणकर हसले. दोन-चार जण हसले. "बघा, म्हणजे काहीतरी आहे. उगाच वेळ नको घालवायला. कमी करायच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

हात वर जाऊ लागले. श्यामकांत मनातल्या मनात म्हणत होता, आता बोलतो, दहा झाले की बोलतो. दहा झाले. कुणीतरी विचारेल, मग बोलू. कुणी विचारलं नाही. डाव्या डोळ्यातून मोठा थोरला थेंब ओघळून हनुवटीवर आला, तो पुसायला त्याने हात उचलला.

"पंधरा, सोळा," पाटणकर मोजत होते. "आणि टिपणीस सतरा. चला, ज्यांच्याबद्दल बोलणं होतं त्यांचीच संमती आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

श्यामकांतचा हात तिथेच, गालापाशी थांबला. धाकूने तो हात पाहिला. खिशातून पाण्याच्या पंपाच्या किल्ल्या काढल्या आणि पुढच्या टेबलावर ठेवल्या. किल्ल्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"थांबा!" श्यामकांत उठला. खुर्ची मागे पडली. "मी हात वर केला नाही! मी डोळा पुसत होतो! अहो, तो दारू पाजत नाही मला, थेंब घालतो! डोळ्यांत! माझे डोळे कोरडे पडलेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "कोरडे? वाहतायत की हो नळासारखे."

मग काय, सगळं सांगावं लागलं. लेझर, पान चार, एसी बस, कुंडी, पाडा, प्लग. प्लगवर कुणाचा विश्वास बसेना. शर्मिष्ठाताई पुढे आल्या, आधी त्याचा वास घेतला, मग मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात डोकावल्या. "आहे गं बाई! पांढरं काहीतरी आहे, खसखशीएवढं!" मग तर रांगच लागली. सेहेचाळीस वर्षांचा क्लेम मॅनेजर मान वर करून उभा, आणि सोसायटीचे सन्माननीय सभासद एकेक करून त्याच्या डोळ्यात वाकून बघतायत. पाटणकरांनीही पाहिलं. जोशीकाकूंनी तिथल्या तिथे धाकूला विचारलं की आमच्या ह्यांचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, जमेल का रे तुला? ठराव कुणी मागे घेतला तेही कळलं नाही, पण पाटणकरांनी किल्ल्या उचलून धाकूच्या हातात दिल्या.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण शर्मिष्ठाताईंना राहवलं नाही. "अहो पण घरात रेवती असताना वॉचमनकडे कशाला जायचं?"

आणि श्यामकांत, आता खरं बोलायची झिंग चढलेला, बोलून गेला, "ती 'सांगितलं होतं' म्हणाली असती ना! म्हणून!"

पार्किंग खदाखदा हसलं. नवरे तर जरा जास्तच. रेवती हसली नाही. ती उठली, पर्स उचलली आणि लिफ्टकडे न जाता जिन्याने वर गेली.

माणसं पांगल्यावर श्यामकांत धाकूपाशी गेला. त्याला वाटत होतं की आता धाकू आभार मानेल. माणसाला काय वाटेल सांगता येत नाही.

"तुमी उठलास ता बरा झाला सायबानू," धाकू टोपी घालत म्हणाला. "पण उशीर केलास. सतरा हात होयसर तुमी बसान होतास. मी मोजी होतंय. रुक्मिणीक घराक जाऊन काय सांगू, ताच माका सुचत नव्हता."

"सॉरी, धाकू."

"पुन्हा माका शप्पथ घालू नकात हां," धाकू म्हणाला, आणि कुणाची तरी गाडी आली म्हणून गेट उघडायला गेला.

वर आला तेव्हा रेवती ताटं घेत होती. नेहमीसारखी. "हात धू, वाढते," एवढंच म्हणाली. तिने ताट आदळलं असतं तर बरं झालं असतं.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"मी काय बोलू? मी काय बोलते ते तू सगळ्या बिल्डिंगला सांगून आलास की."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे." तिने आमटीची वाटी ठेवली आणि समोर बसली. "म्हणाले असते मी. का नाही म्हणणार? नक्की म्हणाले असते. चार दिवस म्हणाले असते, तुझी आई आली असती तर तिच्यासमोरही म्हणाले असते. आणि थेंबही घातले असते, श्याम. सहा वेळा, गजर लावून. मधल्या सुट्टीत शाळेतून फोन करून विचारलं असतं, घातलेस का म्हणून. तुला हे दुसरं कधी सुचलंच नाही? वीस वर्षांत तुला माझं फक्त पहिलंच ऐकू आलं?"

त्याने आमटीची वाटी जरा सरकवली.

"पाच महिने तू आंधळ्यासारखा भिंती धरून घरी येतोस आणि मला वाटतं याला माझ्याशी बोलायचं नाहीये म्हणून लवकर झोपतो. मी काय काय विचार केले असतील, तुला माहितीये? आणि आज त्या म्हाताऱ्या माणसाचं काम जात होतं. तू शेजारी बसून चपला बघत होतास. मी पाहिलं. कशाला घाबरून? मला! एवढी वाईट आहे मी?" तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

श्यामकांतच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सकाळपासूनच वाहत होतं, थांबायचं नाव नव्हतं. शर्टाची कॉलर भिजली होती.

रेवतीने त्या कॉलरकडे बघितलं. "हे खरं आहे," तिने विचारलं, "की त्या प्लगचं?"

खरं म्हणावं तर लबाडी होईल, प्लगचं म्हणावं तरी होईल.

"माहीत नाही," तो म्हणाला. पाच महिन्यांत त्याने तिला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

रेवतीने टेबलावरचा नॅपकिन त्याच्या बाजूला सरकवला. हातात दिला नाही.